मुंबईकर रणदिवेंची सॅक्रामेंटो किंग्ज: धड जिंकतही नाही, धड हरतही नाही, असं का?

१६ एप्रिलची रात्र. सॅक्रामेंटोच्या गोल्डन वन सेंटरमध्ये किंग्ज विरुद्ध डॅलस मॅव्हरिक्स. हरणाऱ्याचा सीझन त्याच रात्री संपणार होता. पहिलं क्वार्टर संपलं तेव्हा किंग्ज दोन गुणांनी पुढे होते. दुसरं क्वार्टर संपलं तेव्हा २३ गुणांनी मागे.

एनबीएमध्ये एक क्वार्टर १२ मिनिटांचं असतं. त्या १२ मिनिटांत डॅलसनं ४४ गुण काढले, किंग्जनं १९. पुढची २४ मिनिटं फक्त औपचारिकता होती. स्कोअर १२०-१०६. डेमार डीरोझननं एकट्यानं ३३ गुण काढले, पण उपयोग शून्य. डॅलसच्या क्ले थॉम्पसननं २३ गुण काढले. हाच क्ले थॉम्पसन बरोबर एक वर्षापूर्वी, १६ एप्रिल २०२४ ला, याच कोर्टवर गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून खेळताना १० पैकी १० शॉट्स चुकला होता. तेव्हा किंग्ज जिंकले होते आणि अख्ख्या इंटरनेटनं क्लेचे मीम्स बनवले होते. वर्षभरात वर्तुळ पूर्ण झालं.

किंग्जचा सीझन ४० विजय आणि ४२ पराभवांवर संपला. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळी भानगड याच आकड्यात आहे. ही टीम फार वाईट खेळली असती तर कदाचित तिचं भलं झालं असतं. थोडी आणखी बरी खेळली असती तरीही झालं असतं. तिनं नेमकं मधलंच गाठलं.

पण आपण या टीमबद्दल का बोलतोय?

दर काही महिन्यांनी तुमच्या फीडमध्ये एक रील येते. 'एनबीए टीमचा मालक आहे हा मुंबईचा माणूस!' तो माणूस म्हणजे विवेक रणदिवे. मुंबईत वाढले, शिकायला अमेरिकेत एमआयटीला गेले, सॉफ्टवेअरमध्ये पैसा कमावला, टिब्को नावाची कंपनी उभी केली. २०१० मध्ये वॉरियर्स टीममध्ये छोटा हिस्सा घेतला आणि २०१३ मध्ये त्यांच्या गटानं किंग्ज विकत घेतली. एनबीए टीमची मालकी मिळवणारे ते भारतीय वंशाचे पहिले.

रीलमध्ये सहसा न येणारा भाग असा, की तेव्हा ही टीम सॅक्रामेंटोतून जवळपास गेलीच होती. सिएटलच्या एका गटानं तिचा सौदा पक्का करत आणला होता. शहरातल्या लोकांनी, महापौरांनी जोर लावला, रणदिवेंचा गट पुढे आला आणि टीम वाचली. सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी असली, तरी लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या झगमगाटात ती कुणाला आठवत नाही. शहराची स्वतःची म्हणावी अशी मोठ्या लीगमधली टीम ही एकच. त्यामुळे इथले लोक किंग्जवर प्रेम करतात ते जरा जास्तच. २०१३ मध्ये त्यांच्या दृष्टीनं रणदिवे हिरो होते. तेरा सालचे हिरो आज काय आहेत, ते पुढे येईलच.

आणखी एक धागा. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतात पहिल्यांदा एनबीएच्या मॅचेस झाल्या, त्या वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिल्या मॅचला स्टँडमध्ये तीन हजारांहून जास्त शाळकरी मुलं होती. किंग्ज ती मॅच ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ अशी एका गुणानं हरले आणि दुसऱ्या दिवशी १३०-१०६ अशी सपाटून हरले. ही वरळीची आठवण नुसती टाइमपास म्हणून सांगत नाहीये. पेसर्स या गोष्टीत परत येणार आहेत.

एका सीझनमध्ये तीन वेगवेगळ्या टीम्स

२०२४-२५ चा किंग्जचा सीझन बघितला तर वाटतं, एकाच जर्सीत तीन वेगळ्या टीम्स खेळल्या.

पहिली टीम नोव्हेंबर-डिसेंबरची. कोच माइक ब्राउन, कप्तानकी म्हणावी अशी जबाबदारी डिएरन फॉक्सवर, सोबत डोमांटास सबोनिस आणि शिकागोहून नवा आलेला डीरोझन. १५ नोव्हेंबरला फॉक्सनं मिनेसोटाविरुद्ध ६० गुण काढले. किंग्जच्या इतिहासात कुणीही एका मॅचमध्ये इतके काढलेले नाहीत. टीम हरली. दुसऱ्याच दिवशी त्यानं युटाविरुद्ध ४९ काढले, तेव्हा कुठे टीम चार गुणांनी जिंकली. दोन रात्रीत १०९ गुण आणि हातात एक विजय. डिसेंबरपर्यंत चित्र हेच राहिलं. चांगलं खेळायचं, शेवटच्या दोन मिनिटांत घालवायचं.

२६ डिसेंबरची डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्धची मॅच तर कळस होती. शेवटचे तीन सेकंद, किंग्ज तीन गुणांनी पुढे. पिस्टन्सच्या जेडन आयव्हीनं थ्री-पॉइंटर मारला आणि तो मारत असतानाच फॉक्सनं त्याला फाउल केलं. तीन अधिक एक, चार गुण. पिस्टन्स ११४-११३. घरच्या मैदानावरचा हा सलग पाचवा पराभव. दुसऱ्या दिवशी ब्राउनला काढलं. तो टीमसोबत लॉस एंजेलिसला जायला विमानतळाच्या वाटेवर होता आणि फोनवर त्याला हे कळवण्यात आलं, अशा बातम्या तेव्हा आल्या. अवघ्या सहा महिन्यांपूर्वी, जूनमध्ये, याच क्लबनं त्याचा करार वाढवला होता.

तेव्हाचा रेकॉर्ड होता १३-१८. ऐकायला भयंकर वाटतं. पण एक गोष्ट बघा. त्या ३१ मॅचेसमध्ये किंग्जनं केलेले एकूण गुण आणि त्यांच्यावर झालेले एकूण गुण जवळपास सारखेच होते. म्हणजे टीम हरत होती ती थोडक्यात, आणि जिंकायची तेव्हा बऱ्यापैकी. बास्केटबॉलचा हिशेब मांडणारे लोक एक साधी गोष्ट सांगतात: अटीतटीच्या मॅचेसचा निकाल बराचसा नशिबावर असतो आणि नशीब सहसा दोन्ही बाजूंना फिरतं. एखाद्या टीमचा गुणफरक शून्याच्या आसपास असेल, तर ती साधारण निम्म्या मॅचेस जिंकणार. १३-१८ हे किंग्जचं खरं रूप नव्हतं.

आणि झालंही तसंच. दुसरी टीम आली ती जानेवारीत. डग क्रिस्टी हा हंगामी कोच. हा स्वतः २००० च्या दशकाच्या सुरुवातीला किंग्जकडून खेळलेला, त्या जुन्या लाडक्या टीममधला माणूस. त्याच्या हाताखाली पहिली मॅच हरल्यावर किंग्जनं सलग सात मॅचेस जिंकल्या. वॉरियर्सला त्यांच्या घरात १२९-९९. मायामीविरुद्ध दोन ओव्हरटाइम. गतविजेत्या बॉस्टनला बॉस्टनमध्ये ११४-९७. सोशल मीडियावर लगेच निकाल लागला: ब्राउनच अडचण होता! मला हा निष्कर्ष पटत नाही. कोच बदलल्यानं हवा बदलते हे खरं. पण त्या सात विजयांत बराच भाग नशिबाचं पारडं परत फिरल्याचा होता.

तिसरी टीम ३ फेब्रुवारीपासूनची. त्या दिवशी फॉक्स गेला.

फॉक्सचा सौदा आणि 'छोटं शिकागो'

फॉक्सला किंग्जनं २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर उचललं होतं. सगळी पडझड त्यानं बघितली, २०२३ ची मजाही बघितली. पण त्यानं पुढचा करार करायला नकार दिला आणि क्लबला दिसलं की हा थांबणार नाही. मग तीन टीम्समधला सौदा झाला. फॉक्स सॅन अँटोनियोला, व्हिक्टर वेंबन्यामाच्या जोडीला. शिकागोचा झॅक लाव्हीन सॅक्रामेंटोला, सोबत पहिल्या फेरीचे तीन ड्राफ्ट पिक्स आणि दुसऱ्या फेरीचे काही.

कागदावर हे वाईट नव्हतं. लाव्हीन शूटर म्हणून जबरदस्त आहे. २४ फेब्रुवारीला शार्लटविरुद्ध त्यानं ४२ गुण काढले, तेही १९ पैकी १६ शॉट्स आत टाकून. अशी रात्र बघितली की वाटतं, बास, सुटला प्रश्न. पण बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळतात आणि बॉल एकच असतो. फॉक्स पॉइंट गार्ड होता, म्हणजे बॉल घेऊन वर येणारा, खेळाचा वेग ठरवणारा, कुणाला कधी द्यायचा हे बघणारा. त्याच्या जागी आला आणखी एक गुण काढणारा. मग मलिक मंककडे ते काम दिलं. तो मूळचा बदली खेळाडू म्हणून येऊन मॅच फिरवणारा माणूस. सीझनच्या शेवटी त्याच्या पोटरीला दुखापत झाली आणि प्ले-इनच्या रात्री तो खेळूच शकला नाही. त्या १२ मिनिटांत किंग्ज सैरभैर का झाले, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर बचावात. डीरोझन तेव्हा ३५ वर्षांचा, लाव्हीनची ओळख कधीच बचावासाठी नव्हती, आणि सबोनिस रिबाउंड्सचा राजा असला (सलग तिसऱ्या वर्षी तोच लीगमध्ये पहिला) तरी बास्केटसमोर भिंत म्हणून उभा राहणारा सेंटर तो नाही. तिघेही गुणी, तिघांची उणीव सारखी.

गंमत म्हणजे हा प्रयोग आधी झालेला आहे. डीरोझन आणि लाव्हीन शिकागो बुल्समध्ये एकत्रच होते. २०२२-२३ मध्ये त्या बुल्सचा रेकॉर्ड काय होता माहितीये? ४०-४२. प्ले-इनमध्ये बाहेर. दोन वर्षांनी तीच जोडी, दुसरं शहर, जांभळी जर्सी, आणि रेकॉर्ड ४०-४२. प्ले-इनमध्ये बाहेर. योगायोग असतो, पण इतका?

बरं, टीम सरसकट वाईट खेळली असंही नाही. ६ एप्रिलला याच किंग्जनं क्लीव्हलँडला जाऊन कॅव्हेलियर्सना हरवलं. त्या वर्षी ६४ मॅचेस जिंकलेली टीम! दहा दिवसांनी घरच्या मैदानावर ३९ विजयांच्या डॅलसपुढे लोटांगण. क्रिस्टीच्या काळातला हिशेब २७-२४. चाहत्यांना वेड लावणारी गोष्ट हीच आहे. टीम वाईट असती तर टीव्ही बंद करता येतो. ही टीम दर दहा दिवसांनी एकदा सांगते, की थांबा, आम्हाला येतं.

४८ विजय: एकदा तिसरे, एकदा सातवे

दोन वर्षं मागे जाऊ. २०२२-२३ मध्ये किंग्ज ४८ मॅचेस जिंकून पश्चिम विभागात तिसरे आले. सलग १६ सीझन प्लेऑफच्या बाहेर राहिल्यानंतर. एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच टीमनं भोगलेला नाही. त्या वर्षी स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या लेझरचा झोत आकाशात सोडायची प्रथा सुरू झाली. प्रत्येक विजयानंतर 'लाइट द बीम'च्या आरोळ्या, बटण दाबायला खेळाडू, आणि मैलभर लांबून दिसणारा तो झोत. ब्राउनला एकमतानं वर्षातला सर्वोत्तम कोच निवडलं. पहिल्या फेरीत वॉरियर्सविरुद्ध सात मॅचेसची लढत झाली, सातव्यात स्टीफन करीनं ५० गुण काढले आणि किंग्ज बाहेर. तरी कुणी नाराज नव्हतं. सगळ्यांना वाटलं, ही तर सुरुवात आहे.

सुरुवात नव्हती, तोच कळस निघाला. त्या वर्षी किंग्जच्या मुख्य पाच खेळाडूंना फारशा दुखापती झाल्याच नाहीत आणि पश्चिमेतल्या मोठ्या टीम्स अडखळत होत्या. पुढच्या वर्षी किंग्ज ४६ जिंकले, म्हणजे फक्त दोन कमी, आणि घसरले थेट नवव्या स्थानावर. आणि २०२४-२५ मध्ये पश्चिमेत ४८ विजय मिळवणारे वॉरियर्स आणि मेम्फिस सातव्या-आठव्या स्थानावर होते. ज्या आकड्यानं २०२३ मध्ये तिसरं स्थान दिलं, त्या आकड्यावर २०२५ मध्ये प्ले-इन खेळावं लागलं. किंग्ज जागच्या जागी थांबले असते तरी मागे पडले असते. आणि ते तर थांबलेही नाहीत, घसरले.

(प्ले-इन म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक विभागात पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये. सात ते दहा क्रमांकांचे चौघे एकमेकांशी खेळून उरलेल्या दोन जागा ठरवतात. सातवा-आठवा हरला तर त्याला आणखी एक संधी असते. नववा-दहावा हरला की घरी. किंग्ज नववे होते, डॅलस दहावे.)

मधलं असण्यात एवढं वाईट काय?

आयपीएल बघणाऱ्यांना हा भाग पटायला जरा वेळ लागतो. आयपीएलमध्ये दहा टीम्सपैकी सहावं आलात काय आणि शेवटचं आलात काय, पुढच्या लिलावात पैसे सगळ्यांकडे सारख्याच मर्यादेत असतात. एनबीएमध्ये हरण्याला किंमत मिळते. कॉलेजमधून आणि परदेशातून येणारे नवे खेळाडू दरवर्षी ड्राफ्टमधून वाटले जातात आणि प्लेऑफ न गाठलेल्या १४ टीम्समध्ये पहिल्या चार क्रमांकांसाठी सोडत निघते. सगळ्यात वाईट तीन टीम्सना पहिल्या क्रमांकाची शक्यता प्रत्येकी १४ टक्के. जसजसे वर जाल तसतशी ती घटत जाते आणि चौदाव्याकडे नावापुरती उरते.

म्हणून एनबीएत दोनच जागा सुखाच्या: वरच्या सहांत किंवा तळाच्या तीन-चारांत. मधल्या टीमला विजेतेपदही मिळत नाही आणि भविष्यही मिळत नाही. त्रिशंकू.

किंग्जच्या बाबतीत या त्रिशंकूला आणखी एक गाठ होती. २०२२ मध्ये त्यांनी अटलांटाकडून केव्हिन ह्युर्टर घेतला, तेव्हा बदल्यात पुढचा एक पहिल्या फेरीचा पिक देऊ केला होता. २०२५ साठी अट अशी: पिक पहिल्या १२ मध्ये आला तर किंग्जकडे राहील, १३ वा किंवा त्यानंतरचा आला तर अटलांटाला जाईल. किंग्ज कितव्या क्रमांकावर आले? १३ व्या. ४०-४२ नं प्लेऑफही दिला नाही आणि पिकही ठेवू दिला नाही. आणि ज्या ह्युर्टरसाठी हा सगळा व्यवहार केला होता, तो फॉक्सच्या सौद्यात फेब्रुवारीतच शिकागोला गेलेला.

फॉक्सच्या बदल्यात आलेल्या तीन पिक्सपैकी एक शार्लटचा होता. पण अट होती की शार्लट प्लेऑफला गेली तरच तो मिळेल. शार्लट १९ मॅचेस जिंकली. त्यामुळे तोही पहिल्या फेरीचा न राहता दुसऱ्या फेरीच्या पिक्समध्ये बदलला. म्हणजे मे २०२५ मध्ये, जूनच्या ड्राफ्टसाठी किंग्जकडे पहिल्या फेरीचा एकही पिक नव्हता.

आता मीठ चोळणारा भाग. १२ मे ला सोडत निघाली. पहिला क्रमांक कुणाला लागला? डॅलसला. १.८ टक्के शक्यता असताना. ज्यांनी किंग्जला घरात हरवलं, मग मेम्फिसकडून स्वतः हरले, त्यांना ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग मिळणार असं तेव्हा सगळे धरून चालले होते. फेब्रुवारीत लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवून अख्ख्या जगाच्या शिव्या खाल्लेल्या टीमला! आणि तो लुका २०१८ च्या ड्राफ्टमध्ये किंग्जसमोर उपलब्ध होता, क्रमांक दोनवर. त्यांनी मार्विन बॅगलीला निवडलं. हा विषय सॅक्रामेंटोत काढू नये.

आरशात पेसर्स

वरळीत २०१९ मध्ये किंग्जला दोनदा हरवणाऱ्या पेसर्समध्ये एक तरुण लिथुआनियन होता: डोमांटास सबोनिस. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो किंग्जकडे आला आणि त्याच्या बदल्यात टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला गेला. किंग्जनं ड्राफ्टमध्ये १२ व्या क्रमांकावर शोधलेलं रत्न. म्हणजे मधल्या पिकवरही सोनं सापडतं, पण ते टिकवावं लागतं.

मे २०२५ मध्ये पेसर्स सलग दुसऱ्या वर्षी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत होते. ज्या कॅव्हेलियर्सना किंग्जनं एप्रिलमध्ये एका रात्री हरवलं, त्यांना पेसर्सनं प्लेऑफमध्ये ४-१ नं घरी पाठवलं. दुसऱ्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणी थ्री-पॉइंटर मारून १२०-११९ असा विजय खेचून आणला तो हॅलिबर्टननं.

इथे एक सोपा निष्कर्ष मोहात पाडतो: तो सौदाच चुकला. मला वाटतं, नाही. सबोनिस आला म्हणून २०२३ चं वर्ष आलं. १६ वर्षांचा दुष्काळ त्यानं आणि फॉक्सनं मिळून संपवला, ते खोटं नव्हतं. फरक त्यानंतरचा आहे. इंडियानानं हॅलिबर्टनभोवती वेगानं पळणारी, खोल बाकाची टीम जमवत नेली आणि दोन पराभव झाले म्हणून दिशा बदलली नाही. किंग्जनं २०२३ च्या यशानंतर जवळपास काही बदललं नाही, आणि २०२४ च्या उन्हाळ्यानंतर एकदम सगळंच बदललं. त्या गाजलेल्या पाच जणांपैकी हॅरिसन बार्न्स डीरोझनच्या सौद्यात गेला, फॉक्स आणि ह्युर्टर फेब्रुवारीत. उरले सबोनिस आणि कीगन मरे.

आठ कोच, एक मालक

रणदिवेंनी टीम घेतल्यापासून: मायकल मलोन, टायरन कॉर्बिन, जॉर्ज कार्ल, डेव्ह जोगर, ल्यूक वॉल्टन, अल्विन जेंट्री, माइक ब्राउन, डग क्रिस्टी. काही हंगामी, काही कायम. २०२५ पर्यंतच्या १२ वर्षांत आठ नावं.

यातल्या पहिल्या नावाची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मलोनला डिसेंबर २०१४ मध्ये काढलं तेव्हा टीम ११-१३ होती आणि तिचा सर्वात मोठा खेळाडू डिमार्कस कझिन्स आजारी होता. तोच मलोन पुढे डेन्व्हरला गेला आणि २०२३ मध्ये त्यांना इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. ब्राउनला काढलं त्या दिवशी मलोननं किंग्जच्या व्यवस्थापनावर जाहीर आणि कडक शब्दांत टीका केली होती. (डेन्व्हरनंही एप्रिल २०२५ मध्ये, सीझनच्या तीन मॅचेस उरल्या असताना, मलोनला काढलं. या धंद्यात कोण कुणाला नावं ठेवणार!)

रणदिवेंच्या बाजूनंही बोललं पाहिजे. टीम शहरात राहिली ती त्यांच्यामुळे. २०१६ मध्ये सौर ऊर्जेवर चालणारं नवं स्टेडियम उभं राहिलं, शहराचा मधला भाग पुन्हा जिवंत झाला. पैसा टाकायला ते कचरले असं कुणी म्हणत नाही. मालक म्हणून त्यांची अडचण वेगळी आहे, आणि ती सॉफ्टवेअरवाल्या लोकांत नेहमी दिसते: काहीतरी चालत नाही म्हटल्यावर लगेच बदलून बघायचं. कोडमध्ये ते चालतं. टीम बांधायला चार-पाच वर्षं एकच चूक सुधारत बसावं लागतं. सॅक्रामेंटोत त्यांच्याविषयीचं मत आज दुभंगलेलं आहे. 'टीम वाचवली' म्हणणारे आणि 'आता टीमला त्यांच्यापासून वाचवा' म्हणणारे बहुधा एकाच रांगेत बसून मॅच बघतात.

आता पुढे काय?

डॅलसकडून हरल्याच्या रात्रीच जनरल मॅनेजर मॉन्टी मॅकनेअर यांच्याशी क्लबनं फारकत घेतली. त्यांच्या जागी स्कॉट पेरी आले, जे २०१७ मध्ये काही महिने किंग्जमध्येच होते. १ मे ला क्रिस्टीला कायमचा कोच केलं. म्हणजे कोचबाबत या वेळी तरी सातत्य राखायचं ठरलेलं दिसतं.

पेरींसमोरचं पहिलं काम उघड होतं: पॉइंट गार्ड आणायचा. आणायचा कुठून, हा प्रश्न. ड्राफ्टमध्ये पिक नव्हता. लाव्हीनचा २०२५-२६ चा पगार साडेचार कोटी डॉलर्सच्या वर होता आणि त्यापुढच्या वर्षी राहायचं की नाही हे तो स्वतः ठरवणार होता. इतक्या महागड्या खेळाडूला दुसरीकडे पाठवायचं तर घेणारा सोबत काहीतरी गोड मागतो, आणि ते गोड म्हणजे पुन्हा ड्राफ्ट पिक्सच. डीरोझनचं वय तेव्हा ३५. बाजारात किंमत येईल असा खेळाडू सबोनिस. त्याला विकलं तर टीम तळाला जाईल, म्हणजे निदान मधल्या जागेतून सुटेल. पण २०२३ च्या त्या वर्षाचा उरलासुरला धागाही तुटेल.

१६ वर्षं तळात काढलेल्या शहराला 'आणखी दोन-तीन वर्षं हरा, मग बघू' हे सांगायचं कसं, हा बास्केटबॉलच्या बाहेरचा प्रश्न आहे आणि मला वाटतं खरी अडचण तिथेच आहे. तज्ज्ञ लोक तळाला जाण्याचा सल्ला आरामात देतात. तिकिटं त्यांना काढायची नसतात. दुसरीकडे, ज्या डेट्रॉइट पिस्टन्सनं डिसेंबरात ब्राउनची शेवटची मॅच जिंकली, ते त्याआधीच्या सीझनमध्ये १४-६८ होते. इतके वाईट की त्यांच्यावर विनोद व्हायचे. २०२४-२५ मध्ये ते ४४ जिंकून प्लेऑफ खेळले.

ड्राफ्ट २५ जून २०२५ ला ब्रुकलिनमध्ये होता. पहिल्या फेरीत किंग्जचं नाव पुकारलं गेलं, तर समजायचं होतं की पेरींनी त्याआधी कुठला तरी सौदा केला. त्या सौद्यात कोण गेलं ते बघायचं होतं. सबोनिस असेल तर टीम नव्याने बांधायला घेतली. दुसरं कुणी असेल, तर ४०-४२ ला आणखी एक संधी दिली.